फ्लायचं सामान: ऑनलाइन स्वस्तातलं की गावातल्या दुकानातलं?

वायकाठची (शेफील्ड)

नमस्कार मंडळी. मार्चपर्यंत २०० फ्लाय (मासे धरायला गळावर पिसं, केस बांधून केलेले नकली किडे) बांधून डबे भरायचे आहेत. डर्बीशरच्या वाय आणि डर्वेंट नद्यांवर लागतात त्याच नेहमीच्या: फेझंट टेल निम्फ (फेझंट पक्ष्याच्या शेपटीची, पाण्याखालच्या किड्याची नक्कल) १४ आणि १६ नंबर (नंबर वाढला की गळ लहान), सशाच्या लवेची हेअर्स इअर १४, थोड्या जिग गळावर (मान वाकवलेला गळ) टंगस्टन मणी घालून, ५० एल्क हेअर कॅडिस (एल्क हरणाच्या केसांची तरंगणारी फ्लाय), आणि ग्रेलिंग माशासाठी लोकरीचा किलर बग.

तीच यादी दोन ठिकाणी लावली. गावातल्या दुकानात: गळ २५ चं पाकीट साडेतीन पौंड, अशी ८ पाकिटं २८; टंगस्टन मणी २० चं पाकीट साडेचार, १०० मणी साडेबावीस; सॅडल हॅकलचं (कोंबड्याच्या पाठीची लांब पिसं) '१०० फ्लाय' पाकीट २२; एल्कचे केस साडेतीन; फेझंटच्या शेपट्या ३; सशाचा मुखवटा ५; दोरा ५; तार ५; यूव्ही रेझिन (यूव्ही उजेडाने घट्ट होणारा लेप) १२. एकूण १०६ पौंड. परदेशी ऑनलाइन बाजारात सगळं मिळून ४६. म्हणजे ६० पौंडांचा फरक.

तीन प्रश्न.

१. या ६० पौंडांतले खरे वाचणारे किती आणि फ्लाय तुटल्यावर परत जाणारे किती?

२. दुकानात नदीवर मासेमारीची दिवसाची तिकिटंही मिळतात. ते बंद पडलं तर पुढचं दुकान तीस मैलांवर. सगळं दुकानातून घेणं झेपणार नाही, पण काय तिथूनच घ्यायला हवं?

३. डिसेंबरमध्ये भाऊ पुण्याहून येतोय. मोरपिसं, गावरान कोंबड्याची मान, तांब्याची तार, जर, असं काय काय मागवू?

बॉबिनबापू

पाकिटाचा भाव बघू नका, एका फ्लायचा काढा. मणी घातलेली १६ नंबरची फेझंट टेल घ्या, दुकानाच्या भावाने: गळ १४ पेन्स, मणी साडेबावीस, शेपटीच्या एका मधल्या पिसातून २५-३० फ्लाय निघतात म्हणून काडीचे (पिसाच्या तंतूंचे) ४, तार १. झाले साडेएकेचाळीस पेन्स. त्यातले साडेछत्तीस गळ आणि मण्याचे. पीस, केस, दोरा यांत कितीही घासाघीस केली तरी बचत चार-पाच पेन्सांची. तेव्हा खरा प्रश्न एवढाच: स्वस्त गळ आणि स्वस्त मणी चालतात का?

मणी चालतात, पण तपासून. ऑनलाइन 'टंगस्टन' म्हणून येणारा मणी कधी कधी रंग दिलेला पितळी असतो. पितळाची घनता साडेआठच्या आसपास, टंगस्टन मिश्रधातूची सतरा-अठरा किंवा वर. सोनाराच्या पद्धतीचा ०.०१ ग्रॅमपर्यंतचा काटा दहा-बारा पौंडांत मिळतो. ३ मिमीचे १० पितळी मणी आणि ३ मिमीचे १० 'टंगस्टन' वेगवेगळे तोला. दुसरं वजन पहिल्याच्या दुप्पट भरलं पाहिजे. दीडपट भरलं तर पाकीट परत. एकेक मणी तोलू नका, भोक आणि खाच यांतल्या फरकाने आकडे फसवतात. आधी छोटं पाकीट मागवा, काट्यावर उतरलं तर शंभराचं.

माप: १६ नंबरच्या गळाला २.३ ते २.५ मिमी, १४ ला २.८, १२ ला ३.० ते ३.३. स्वस्त पाकिटात २.५ छापलेलं असतं आणि निघतात २.३ ते २.८ मिसळून. चालतं, वाटीत वेगळे करून घ्यायचे. भोकाच्या कडा धारदार राहिल्या असतील तर मात्र दोरा आवळताना कापला जातो. मणी सुईत ओवून त्यावरून जुना दोरा पुढे-मागे ओढून पाहा.

गळांच्या बाबतीत माझं मत कडक आहे: गळ दुकानातून किंवा नावाजलेल्या कंपनीचेच घ्या. गळ तुटला की नुसता गळ जात नाही, मणी जातो, पंधरा मिनिटांचं काम जातं आणि मासाही जातो. स्वस्त गळाचे चार ठरलेले दोष आहेत.

पोलादाला पाणी नीट दिलेलं नसतं. वाइसमध्ये (गळ पकडून ठेवायचा शिकंजा) गळ वाकाच्या जागी धरा आणि नेढ्याकडचं टोक नखाने हलकं खाली दाबून सोडा. चांगला गळ टणकन जागेवर येतो. दाबला तसा राहिला तर मऊ, कट्कन मोडला तर ठिसूळ. पन्नासांतले दहा असे तपासायचे, दोन नापास झाले तर आख्खं पाकीट कचऱ्यात.

टोक बोथट असतं. अंगठ्याच्या नखावर टोक टेकवून हलकं ओढा. रुतलं पाहिजे, घसरलं तर बोथट.

नेढं पूर्ण मिटलेलं नसतं. ६एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा) म्हणजे ०.१२७ मिमी जाड. नेढ्याच्या फटीत ते सहज अडकतं आणि पहिल्याच बऱ्या माशाला कापलं जातं. नेढ्यातून टिपेट गोल फिरवून ओढा, अडखळलं की समजा.

नंबर खोटे असतात. एकाचा १४ दुसऱ्याचा १२ निघतो. नंबर विसरा, टोक आणि दांडी यांच्यातलं अंतर ओळखीच्या गळाला लावून बघा.

हे सगळं दुकानात उभ्या उभ्या एका पाकिटावर करता येतं. ऑनलाइन गळ पोचायलाच तीन आठवडे लागतात.

दोऱ्याचं: शिवणकामाचा साधा पॉलिएस्टर दोरा टेक्स २७, म्हणजे २४३ डेनियर (दोन्ही जाडीची मापं). फ्लायचा दोरा ७० डेनियर. शिवायचा दोरा आखूड धाग्यांना पीळ देऊन काढलेला, लव असलेला. १६ नंबरवर तो सहा वेढ्यांतच नेढं बुजवतो. मोठ्या स्ट्रीमरला (छोट्या माशाची नक्कल करणारी फ्लाय) चालेल. पण शिवणाच्याच दुकानात ओव्हरलॉकसाठी बारीक अखंड धाग्याचे कोन मिळतात. ग्युटरमनचा स्काला ३६० घ्या. कोनावरच्या जाडीच्या नंबराने (त्याला तिकीट नंबर म्हणतात) ३००० ला भागलं की टेक्स येतो: ३००० भागिले ३६० म्हणजे ८.३ टेक्स, ७५ डेनियर. जवळजवळ फ्लायचाच दोरा, आणि एका कोनावर हजारो मीटर. कोन बॉबिनमध्ये (बांधताना दोऱ्याचं रीळ धरायचं हत्यार) बसत नाही. रिकामं रीळ ड्रिलला लावून अगदी सावकाश भरून घ्या. जोरात फिरवलंत तर दोरा ताणून बसतो आणि बांधताना तुटतो. काळा, पांढरा, ऑलिव्ह असे तीन कोन घेतलेत की काही वर्षं बघायला नको.

रेझिनचे १२ पौंड वाचवा. या यादीतल्या फ्लायना ते लागतच नाही. डोक्याला पारदर्शक नेलपॉलिश पुरे. नखांचं स्वस्त जेल रेझिन म्हणून घेणार असाल तर ते पूर्ण सुकत नाही, वर चिकट थर राहतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो. न सुकलेलं अ‍ॅक्रिलेट हाताला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला.

तपकीरगल्ली (पुणे)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

मोरपिसं अजिबात मागवू नका. भारतात आपोआप गळलेल्या मोरपिसांची देशांतर्गत खरेदी-विक्री चालते, पण ती देशाबाहेर न्यायला बंदी आहे. मोर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे. "देवळाबाहेर दहा रुपयाला मिळतं, बॅगेत टाकलं तर काय होतंय" हा हिशेब विमानतळावर चालत नाही. भावाला त्यात पाडू नका. इंग्लंडमध्ये पाळलेल्या मोरांची पिसं दुकानात पौंड-दोन पौंडांना मिळतात. डोळ्याजवळची काडी सोलून क्विल करायची असेल तर ब्लीच वगैरे भानगड नको: पोस्टकार्डावर काडी ठेवा, टोकाकडून बुडाकडे पेन्सिलीच्या खोडरबराने घासा, लव निघते.

रानकोंबड्याची पिसं कुणी देतो म्हणालं तर तीही नको. सॅल्मनच्या जुन्या फ्लायवर जे 'जंगल कॉक' लागतं तो आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा. तो इथे संरक्षित आहे. तिकडे पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं कागदपत्रांसह मिळतात, महाग असतात, पण तुमच्या यादीत ती लागतच नाहीत.

गावरान कोंबड्याची मान: कच्ची, प्रक्रिया न केलेली पिसं बर्ड फ्लूच्या नियमांमुळे तिकडच्या कस्टममध्ये अडकायची. आणि पोचली तरी कॅडिसला उपयोग नाही. त्या पिसाला मध्ये जाळी (मऊ, एकमेकांना चिकटलेले तंतू) फार, पाणी पितं, कोरडी फ्लाय बुडते. इथे भारतात बांधणाऱ्यांसाठी मात्र सोन्यासारखी वस्तू. अट एक, कोंबडा किमान वर्षाचा हवा. ब्रॉयलर सहा आठवड्यांत कापतात, त्याच्या मानेला हॅकल म्हणावं असं काही आलेलंच नसतं. मान कातडीसकट घ्या, चरबी खरवडा, भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, आतल्या बाजूला टाकणखार चोळून पुठ्ठ्यावर टाचा. आठ-दहा दिवस सावलीत. उन्हात ठेवलीत तर कातडी चुरमुऱ्यासारखी होते आणि पिसं गळतात. बुडणाऱ्या वेट फ्लायला आणि महाशीरच्या स्ट्रीमरला ही मान उत्तम.

आता मागवायचं ते. तांब्याची वाइंडिंग तार, डोळे मिटून. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास किंवा कुठल्याही मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. १६ नंबरच्या फ्लायला ४० गेज, म्हणजे ०.१२ मिमी; १४ ला ३८ गेज, ०.१५ मिमी, त्याहून मोठ्याला ३६ गेज, ०.१९ मिमी. ३८ गेजच्या १०० ग्रॅममध्ये सहाशे मीटरच्या आसपास तार येते. नवीच मागा. जळालेल्या मोटारीतून काढलेली फुकट मिळेल, पण तिचं एनॅमल करपलेलं असतं, रंग काळपट आणि वेढ्याला पापुद्रे सुटतात.

जर: आजकालची बहुतेक जर म्हणजे धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पट्टी धाग्यावर गुंडाळलेली. रिबिंगला (फ्लायच्या अंगावर वेढे द्यायला) दिसते छान, पण माशाच्या दातांनी पट्टी सुटते. घेतलीत तर वरून वार्निशचा हात द्या. काचमणी, पोतीचे बारीक, दोन मिमीच्या आसपासचे, एक पुडी असू द्या. उथळ पाण्यात हलकी निम्फ करायला बरे. बूट-चपला शिवायचं दाभण बारीक मिळालं तर एक. तिकडे फ्लायचं 'बॉडकिन' म्हणून जे पाच पौंडांना विकतात ते हेच.

वाइस मात्र नको. भारतात बनलेले स्वस्त वाइस जगभर जातात. जबड्याचं पोलाद मऊ असतं, शंभर-दोनशे फ्लायनंतर जबड्यात खाच पडते आणि १६ नंबरचा गळ फिरायला लागतो.

आणि बापूंच्या गळांच्या मताला दुजोरा. इकडे महाशीरला स्वस्त गळ लावला तर तो सरळ होऊनच परत येतो. घशातल्या दातांनी शिंपले फोडणारा मासा आहे तो.

क्लाइडचा_कोळी

बापूंचं तांत्रिक सगळं बरोबर. पण "दुकान जगवा" हा सूर या विषयात दर वेळी लागतो तो पटत नाही. दुकानदार घाऊक बाजारातून तेच गळ, तेच मणी आणतो, त्याच कारखान्यांतून. पुडी बदलून साडेचार पौंड. त्याला मी देणगी का द्यावी? जिथे त्याच्या हाताने मालात भर पडते तिथे पैसे, बाकी नाही.

बाकी जे दोन्हीकडे घ्यायचं नाही ते सांगतो. फेझंट टेलची मूळ कृती फ्रँक सॉयरची, विल्टशरच्या एव्हन नदीचा राखणदार. त्यात दोरा नाहीच: चार काड्या आणि तांब्याची तार, तारेनेच बांधायचं. म्हणजे फ्लायचा दोरा, डबिंग (दोऱ्यावर पिळून चढवायची लव), वार्निश सगळं बाद. फेझंटच्या शेपट्या विकत कशाला घेता? १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. खाटकाकडे फेझंट लटकलेले असतात, शेपट्या तो टाकूनच देतो. मागा. पिसं उपटलेली घ्या, बुडाला मांस नको.

किलर बगही सॉयरचाच. मूळ लोकर चॅडविक ४७७, मोजे रफू करायची, केव्हाच बंद झाली. जुन्या कार्डांना लोक वेड्यासारखे पैसे देतात. जेमिसनची शेटलंड स्पिनड्रिफ्ट, ऑयस्टर रंग, तिच्या जागी चालते. एक गुंडी २५ ग्रॅम, १०५ मीटर. एका फ्लायला पाव मीटर धरला तरी ४०० बग. ओली झाली की हलकी गुलाबी झाक यायला हवी, त्यासाठी खाली तांब्याच्या तारेचे दोन थर द्या. लोकर विणकामाच्या दुकानातून घ्या. तेही गावातलंच दुकान आहे की.

सशाच्या मुखवट्याचं डबिंग: कानाची आखूड टोचरी लव आणि गालाची मऊ लव निम्मी-निम्मी कापा, झाकणाच्या बरणीत कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून अर्धा मिनिट हलवा, चहाच्या गाळणीत ओता, कागदावर वाळवा. नुसती मऊ लव घेतली तर अंग गुळगुळीत होतं, नुसती टोचरी घेतली तर दोऱ्यावर चढत नाही.

सातपुते_कोलोरॅडो

क्लाइडच्या कोळ्याने स्वतःच कळीचं वाक्य लिहिलंय: हाताने भर पडते तिथे पैसे. ती भर एल्कच्या केसांत आणि हॅकलमध्ये पडते, म्हणून तुमच्या ५० कॅडिसचं सामान दुकानातूनच.

केसांचं पाकीट हे पाकिटागणिक वेगळं असतं. जनावर कुठल्या महिन्यात मारलं, कातडीचा कुठला भाग, नर की मादी, यावर सगळं. १४ नंबरच्या कॅडिसला मादीचे केस बघा. टोकं सारख्या लांबीची, गडद पट्टा आखूड, मोडकी टोकं कमी. पाकीट उघडायला दुकानदाराला सांगा, चिमूटभर केस बुडाशी नखाने दाबा. थोडे फुलले पाहिजेत. ताठ राहिले तर पोकळी कमी, फ्लाय तरंगणार नाही. नव्वद अंशांत उभे राहिले तर भिंत फार पातळ, दोरा आवळताच कापले जातील आणि पंख छत्रीसारखा होईल. फोटोवरून हे कळायचा काहीही मार्ग नाही. दोन पौंडांच्या ऑनलाइन पाकिटातून निम्मे केस फेकावे लागले तर ते साडेतीनच्या पाकिटापेक्षा महागच पडलं.

हॅकल: ऑनलाइन आठ पौंडांना जी मान दिसते ती इंडियन केप (कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट कातडं). १४ नंबरच्या एका फ्लायला तिची दोन पिसं लागतात. पीस आखूड, तिसऱ्या वेढ्याला संपतं. शिवाय एका केपवर नेमकी १४ ची पिसं थोडीच असतात, बाकी १० आणि १२ ची. वंश निवडून वाढवलेल्या कोंबड्याचं सॅडल पीस वीत-दीड वीत लांब, जाडी शेवटपर्यंत सारखी, एका पिसात तीन-चार फ्लाय. '१०० फ्लाय' हा पाकिटावरचा आकडा फक्त मानेशी वेढे दिलेल्या फ्लायचा आहे. कॅडिसला तुम्ही अंगभर पीस गुंडाळणार, तेव्हा साठ-सत्तर धरा. तुमच्या पन्नासला पुरतं. दुकानात पाकीट उजेडाकडे धरून बघा: मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना गडद जाळी जितकी बारीक तितकं चांगलं. काडी वाकवून पाहा, चपटी आणि लवचीक हवी. जाड काडी वेढा देताना उलटते आणि तंतू पुढे-मागे झोपतात.

जाता जाता एक. २०११ च्या उन्हाळ्यात केसांत पिसं लावायची फॅशन इकडे आली आणि सलूनवाल्यांनी सॅडल हॅकल अव्वाच्या सव्वा भावाने उचललं. ऑनलाइन साठे रातोरात रिकामे झाले. अनेक फ्लायच्या दुकानांनी तेव्हा काउंटरखाली ठेवून नेहमीच्या गिऱ्हाइकांना जुन्या भावाने एकेक पाकीट दिलं. ते मिळालेले सगळे वर्षभर तिथेच दोरा-गळ घेणारे होते.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी: २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरखालच्या पार्सलची करमाफी गेली आहे. जुन्या चर्चांमधले 'चीनहून मागवा' छापाचे हिशेब इकडे आता लागू नाहीत. आणि नदीकाठी सापडलेलं जंगली पक्ष्याचं पीस उचलून फ्लायला वापरू नका. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने इथल्या बहुतेक जंगली पक्ष्यांचं पीस नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे, पडलेलं मिळालं तरी.

क्लाइडचा_कोळी

हॅकल आणि केसांचं मान्य. पण मग दुकानात जाऊन केस तपासायचे, मणी ऑनलाइन घ्यायचे, यात दुकानदाराचा वेळ फुकट खाल्ला असं होत नाही का?

बॉबिनबापू

तपासलं ते तिथेच घेतलं तर नाही होत. केस तिथे चाचपायचे, फोटो काढायचा आणि तीच कंपनी फोनवर शोधायची, हा मात्र निव्वळ नालायकपणा.

दुकानदाराला थेट विचारता येणाऱ्या गोष्टी लोक विचारतच नाहीत. आख्खी मान महाग वाटते तर अर्धी मागा. दोन गिऱ्हाइकं जमवून बरीच दुकानं मधून कापून देतात. गळांची चार-पाच पाकिटं एकदम घेताना भाव कमी होतो का, क्लबच्या सभासदाला सवलत आहे का, हेही विचारा. आणि तिकीट काढताना या आठवड्यात नदीवर काय उडतंय ते. १६ ऐवजी १८ लागतंय हे आधी कळलं तर चाळीस फ्लाय वाया जात नाहीत.

ऑनलाइन मागवताना ब्रिटनमधला एक सापळा. १३५ पौंडांपर्यंतच्या परदेशी पार्सलवर २० टक्के व्हॅट खरेदीच्या वेळीच घेतला जातो, २०२१ पासून. चार मित्रांनी मिळून पोस्टेज वाचवायला २०० पौंडांची एकच ऑर्डर टाकली तर ती मर्यादा ओलांडते, मग व्हॅट आणि जकात दारात, वर कुरिअरचं हाताळणी शुल्क. वाचवलेलं पोस्टेज तिथेच जातं. ऑर्डरी वेगवेगळ्या टाका.

वायकाठची (शेफील्ड)

सगळ्यांचे आभार. नवी यादी अशी: दुकानातून गळ २८, हॅकल २२, एल्कचे केस साडेतीन, मुखवटा ५. ऑनलाइन मणी ९, स्कालाचा सध्या एकच कोन ६. नेलपॉलिश २. किलर बगची लोकर घरात आहे तीच लावून बघते. तार भाऊ आणेल, शेपट्या खाटकाकडून. साडेपंच्याहत्तर पौंड. मोरपिसं रद्द.

दोन शंका राहिल्या. खाटकाच्या शेपट्यांतून कसर घरात आली तर? आणि जिग गळावर खाचेचा मणी माझा नेहमी तिरका बसतो, मागे फट राहते.

तपकीरगल्ली (पुणे)

कसरीसाठी: बाहेरून आलेलं कुठलंही पीस, केस, कातडं, दुकानातलं सीलबंद नसेल तर तेसुद्धा, झिपच्या पिशवीत हवा काढून उणे १८ ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि पिसं कुबट होतात. नंतर महिनाभर बाकीच्या सामानापासून लांब ठेवा. पिशवीच्या तळाला वाळूसारखे कण, रेशमी जाळं किंवा कातड्यावरून आपोआप सुटणारे केस दिसले तर पुन्हा फ्रीजर. डांबराच्या गोळ्या टाकू नका. वास मटेरियलला कायमचा बसतो आणि पॉलिस्टायरीनचे पारदर्शक डबे त्या वाफेने चिकट होऊन तडकतात.

बॉबिनबापू

मणी तिरका बसतो कारण तो उलटा ओवला जातोय, किंवा खाच फिरतेय. गळाचं टोक आधी लहान गोल भोकातून घाला, म्हणजे मणी सरकून पुढे आला की लहान भोक नेढ्याकडे आणि खाच मागे येते. खाच जिगच्या वाकलेल्या मानेवर बसली की मणी वर चढून बसतो. मग दांडीवर मण्यामागे दोऱ्याचे सात-आठ वेढे देऊन छोटा बांध घाला, त्यावर सुपरग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब, आणि गोंद ओला असतानाच मणी मागून नखाने पुढे दाबून धरा. तरीही फट राहिली तर मणी गळाला लहान आहे, अर्ध्या मिमीने मोठा घ्या. गोंद नेढ्यात गेला तर सुकायच्या आत दाभणाने काढा.